नांदीच्या जागी पद

२६ सप्टेंबर २००१ च्या रात्री अमेरिकेत यूपीएन वाहिनीवर ‘एन्टरप्राइझ’ ही मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून बरोबर पंधरा दिवस झाले होते. ‘स्टार ट्रेक’च्या घराण्यातली ही नवी मालिका, त्यामुळे पहिला भाग पाहायला सव्वा कोटीच्या आसपास प्रेक्षक बसले होते. सुरुवातीचा प्रसंग संपला, शीर्षकं लागली, आणि पस्तीस वर्षांत या घराण्यातल्या एकाही मालिकेच्या आरंभी जे ऐकू आलं नव्हतं ते ऐकू आलं. वाद्यवृंद नाही, तुताऱ्या नाहीत. एक पुरुष गिटार आणि ड्रम्सच्या साथीवर चक्क शब्दांचं गाणं गात होता. त्या जेमतेम दीड मिनिटाच्या गाण्यावरून चाहत्यांमध्ये जे रण माजलं ते मालिका बंद पडल्यावरही शमलं नाही. गाणं काढून टाका म्हणून इंटरनेटवर सह्यांची मोहीम निघाली, बाजूनं आणि विरुद्ध पानंच्या पानं लिहिली गेली. ‘एका गाण्यासाठी एवढं?’ असं म्हणून हा वाद निकालात काढणं सोपं आहे. पण तो नीट तपासला तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते. चाहत्यांनी पुढे केलेली बहुतेक कारणं पुराव्यापुढे टिकत नाहीत, आणि तरीही त्यांची मूळ तक्रार रास्त होती. निर्मात्यांनी कारणांना उत्तर दिलं. तक्रार तशीच राहिली.

पहिलं कारण परंपरेचं. ‘स्टार ट्रेक’ला शब्द चालत नाहीत, ते शुद्ध वाद्यसंगीताचं घराणं आहे, असं ठामपणे सांगितलं जाई. या परंपरेचा उगम मात्र तितका सोवळा नाही. १९६६ साली एनबीसीवर मूळ मालिका आली तेव्हा तिचं शीर्षकसंगीत अलेक्झांडर करेज यांनी रचलं. आधी तुतारीचे ते आठ सुरांचे धीरगंभीर बोल, मग बोंगोच्या लयीवर तरंगत जाणारी, शब्दांवाचून गाणाऱ्या स्त्रीच्या आवाजातली धून. यान पडद्यावरून सणकन निघून जातं तो आवाजही करेज यांनी स्वतःच्या तोंडानं काढलेला आहे. या धुनेला शब्द होते! मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी ते लिहिले, आणि ते गायले जावेत अशी त्यांची इच्छाही नव्हती. करेज यांच्याशी झालेल्या करारात शब्द जोडण्याची मुभा होती. शब्द जोडले की रॉडनबेरी सहनिर्माते ठरत आणि धून वाजेल तेव्हा मानधनाचा अर्धा वाटा त्यांच्याकडे जाई. मालिकेत ते शब्द कधीच वापरले गेले नाहीत, वाटा मात्र गेला. करेज यांना हा व्यवहार अखेरपर्यंत खटकत राहिला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही. म्हणजे ज्या धुनेला शब्दांपासून मुक्त मानून चाहते पूजत होते, तिच्या मानगुटीवर पहिल्या दिवसांपासून शब्द बसलेले होते, तेही पैशासाठी.

दुसरं कारण उसनवारीचं. हे गाणं मालिकेसाठी लिहिलेलंच नव्हतं, आणि हा आरोप वस्तुस्थिती म्हणून खरा आहे. डायान वॉरेन या नामवंत गीतकार-संगीतकार बाईंनी ते १९९८ च्या ‘पॅच अ‍ॅडम्स’ या चित्रपटासाठी रचलं. त्या चित्रपटात रॉबिन विल्यम्स रुग्णांना हसवणाऱ्या डॉक्टरच्या भूमिकेत होते, आणि गाणं रॉड स्टुअर्ट यांनी गायलं होतं. तीन वर्षांनी तेच गाणं नवं नाव लावून इंग्लंडच्या सॉलफर्डमधल्या रसेल वॉटसन यांच्याकडून गाऊन घेण्यात आलं. वॉटसन कारखान्यात नोकरी करता करता क्लबांमध्ये गात पुढे आलेले, ऑपेराच्या धाटणीचा आवाज असलेले गायक. एका डॉक्टरच्या गोष्टीतलं गाणं अंतराळयानाला चिकटवलं, हा चाहत्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पण मग १९८७ च्या ‘नेक्स्ट जनरेशन’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेचं काय? तिच्या आरंभी वाजणारं, आज ‘स्टार ट्रेक’ म्हटलं की अनेकांना आधी आठवणारं संगीत जेरी गोल्डस्मिथ यांनी १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटासाठी रचलं होतं. करेज यांचे तुतारीचे बोल त्याला पुढून जोडले, डेनिस मॅकार्थी यांनी मांडणी केली आणि चित्रपटाची धून मालिकेची झाली. तिला कुणी उसनी म्हटलं नाही. ती घरातल्या घरातच आली होती, असं यावर म्हणता येईल. येईलही. पण मग आक्षेप उसनवारीवरचा राहत नाही, कुणाकडून उसनं घेतलं यावरचा होतो. आणि तो वेगळाच मुद्दा आहे.

तिसरं कारण शैलीचं. रॉकच्या अंगानं जाणारं गोडसर गाणं विज्ञानकथेला शोभत नाही, विज्ञानकथेला भव्य वाद्यवृंदच हवा. ब्रिटिश अभिनेते सायमन पेग हे स्वतः पट्टीचे चाहते, आणि पुढे ‘स्टार ट्रेक’च्या चित्रपटांतून यानाचा अभियंता स्कॉटी याची भूमिका त्यांच्याच वाट्याला आली. या शीर्षकगीतामुळे आपण ती मालिकाच पाहिली नाही, असं त्यांनी जाहीर सांगितलेलं आहे. तरी हा दंडक काही खरा नाही. वर्षभरातच, २००२ मध्ये, ‘फायरफ्लाय’ ही मालिका आली. तिचं शीर्षकगीत तिचे निर्माते जॉस व्हेडन यांनीच लिहिलं आणि सनी रोड्स या ब्ल्यूज गायकाच्या जाड्याभरड्या आवाजात ते गाऊन घेतलं. शब्द आहेत, गिटार आहे, वाद्यवृंदाचा पत्ता नाही. मालिका काही महिन्यांतच गुंडाळली गेली, पण ते गाणं चाहत्यांनी उराशी धरलं. अंतराळातल्या गोष्टीला माणसाचा आवाज आणि शब्द चालतात, एवढं त्यातून सिद्ध होतं. ‘फायरफ्लाय’च्या गाण्यात सगळं गमावलेल्या माणसाची जिद्द आहे आणि मालिकाही तशाच हरलेल्या, विखुरलेल्या माणसांची आहे. गाणं गोष्टीच्या पोटातून आलेलं आहे.

‘एन्टरप्राइझ’चं दुखणं नेमकं इथं सापडतं, आणि ते पाहायचं तर गाण्याबरोबर पडद्यावर काय चाललं होतं ते पाहिलं पाहिजे. शीर्षकांतली चित्रमालिका फार सुरेख होती, या घराण्यातली सर्वांत विचारपूर्वक बांधलेली म्हणावी इतकी. जुन्या नकाशांवरून शिडांचं जहाज सरकतं. मग मॉन्गोल्फिए बंधूंचा फुगा, राइट बंधूंचं विमान, लिंडबर्ग यांचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’, अमेलिया एअरहार्ट, फळ्यापुढे उभे असलेले रॉकेटशास्त्रज्ञ गॉडर्ड, ध्वनीचा वेग ओलांडणारं चक येगर यांचं एक्स-१, अपोलो, चंद्राच्या धुळीत उमटलेला बुटाचा ठसा, मंगळावरची सोजर्नर गाडी, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आणि त्यापुढे कल्पनेतली यानं. या चित्रमालिकेत मध्येच एक चित्र येतं ते ‘एन्टरप्राइझ’ नावाच्या स्पेस शटलचं. या शटलला नासा आधी ‘कॉन्स्टिट्यूशन’ असं नाव देणार होती. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी व्हाइट हाउसकडे पत्रांचा भडिमार केला आणि ते नाव बदलायला लावलं. १७ सप्टेंबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या पामडेल इथं शटल कारखान्याबाहेर आणलं गेलं तेव्हा रॉडनबेरी आणि मूळ मालिकेतले बहुतेक कलाकार समोर हजर होते, आणि बँडनं करेज यांची धून वाजवली होती. चाहत्यांनी सामुदायिक बळावर मिळवलेला विजय या शीर्षकांत होता. शिडांच्या जहाजापासून अंतराळ स्थानकापर्यंत सारी चित्रं सांगत होती की हे एकट्यादुकट्याचं काम नाही; एकानं सोडलेलं टोक दुसऱ्यानं धरलं, म्हणून माणूस इथवर आला.

आणि गाणं काय सांगत होतं? ते एका माणसाचं आत्मनिवेदन होतं. मला फार वाट पाहावी लागली, आता माझी वेळ आली, माझ्या मनाच्या श्रद्धेवर मी निघालो, या आशयाचं. त्यात सहप्रवासी नाहीत, पूर्वसुरी नाहीत, अज्ञातही नाही. रस्ता आहे, पण तो स्वतःच्या यशाचा आहे. आपल्या संगीत नाटकात पडदा वर जायच्या आधी नांदी होते. ती सगळी मंडळी मिळून म्हणतात, तीत कुणा एका पात्राचं सुखदुःख नसतं. नायकाचं पद त्यानंतर, गोष्ट सुरू झाल्यावर, त्याच्या प्रसंगात येतं. पद वाईट नसतं, पण नांदीच्या जागी ते बसत नाही. करेज यांच्या धुनेतला शब्दहीन स्त्रीस्वर कुणा व्यक्तीचा नव्हता, गोल्डस्मिथ यांच्या तुताऱ्या एका कप्तानाच्या नव्हत्या. याच घराण्यातल्या ‘डीप स्पेस नाइन’साठी मॅकार्थी यांनी आणि ‘व्हॉयेजर’साठी गोल्डस्मिथ यांनी रचलेल्या, एमी पुरस्कार मिळवणाऱ्या धुनाही स्थानकाचं एकाकीपण आणि प्रवासाचं अंतर सांगत, त्यांत ‘मी’ म्हणणारं कुणी नव्हतं. चाहत्यांना जे टोचलं ते हे. गिटार, उसनवारी, परंपरा ही सगळी नंतर शोधलेली कारणं होती. नेमकं काय खुपतंय ते सांगता आलं नाही की माणूस हाताला लागेल ते कारण पुढे करतो. म्हणून खुपणं खोटं ठरत नाही.

यावर कुणी म्हणेल की हा सगळा नंतर बसवलेला अर्थ आहे. चाहत्यांना मुळात बदलच सहन होत नाही, एवढंच यातून दिसतं. हा आक्षेप वजनदार आहे, पण शेजारच्या उदाहरणापुढे तो अडतो. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ची धून रॉन ग्रेनर यांनी १९६३ मध्ये कागदावर लिहिली आणि रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशायर यांनी ध्वनिफितीचे तुकडे कापून, जोडून, त्यांचा वेग कमीजास्त करून ती प्रत्यक्षात आणली. पडद्यावर त्यांचं नाव यायला २०१३ साल उजाडावं लागलं, हा अन्याय वेगळ्या लेखाचा विषय आहे. १९८० मध्ये तीच धून पीटर हॉवेल यांनी सिंथेसायझरवर नव्यानं बांधली, १९८६ आणि १९८७ मध्ये ती पुन्हा बदलली, २००५ मध्ये मरे गोल्ड यांनी तिला वाद्यवृंद जोडला. दर वेळी कुरकुर झाली आणि दर वेळी ती विरली. ध्वनी बदलला होता, धून आणि तिचा अर्थ जागेवर होता. चाहते बदल पचवतात. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनीही १९८७, १९९३ आणि १९९५ मध्ये सलग तीन नवी शीर्षकसंगीतं स्वीकारली होती.

दुसरा आक्षेप असा की ओरडणारे मूठभर होते, बाकी प्रेक्षकांना गाण्याचं काही पडलेलं नव्हतं. संख्येच्या बाबतीत हे बहुधा खरं आहे. पुढे मालिकेचा प्रेक्षक घटत गेला त्याचं खापरही गाण्यावर फोडता येणार नाही. त्यामागे पटकथा होत्या आणि यूपीएन वाहिनीची स्वतःची डळमळीत अवस्थाही होती. पण या घराण्याचा इतिहास मूठभरांनीच घडवलेला आहे. १९६७-६८ मध्ये एनबीसी मूळ मालिका बंद करणार अशी कुणकुण लागली तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्यानं पत्रमोहीम उभारली, वाहिनीकडे लाखावर पत्रं गेली, आणि मालिकेला तिसरं वर्ष मिळालं. त्या वर्षामुळे भागांची संख्या ७९ झाली, तेवढ्या भागांवर पुनःप्रक्षेपणाचा धंदा चालू शकला, आणि त्या पुनःप्रक्षेपणातून पुढचं सगळं उभं राहिलं. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जी मालिका दिसली ती याच ७९ भागांची. ज्यांच्या पत्रांवर घर उभं राहिलं त्यांना त्या घराच्या उंबऱ्यावर काय वाजावं याबद्दल बोलण्याचा अधिकार आहे. मालकी नव्हे, पण अधिकार निश्चित.

सर्वांत भक्कम आक्षेप निर्मात्यांच्या बाजूचा आहे. रिक बर्मन आणि ब्रॅनन ब्रॅगा यांनी ही गोष्ट मूळ मालिकेतल्या कप्तान कर्कच्या शंभर वर्षं आधी, २१५१ मध्ये ठेवली. फेडरेशन हा ग्रहांचा संघ अजून जन्मलेला नाही. माणसं आजच्या माणसांसारखी, डोक्यावर टोपी घालणारी, अंतराळाला बिचकणारी. कप्तान आर्चर ज्या इंजिनाच्या बळावर निघतो ते त्याच्या वडिलांनी घडवलेलं, आणि ते उडालेलं पाहायला वडील उरलेले नाहीत. मग एका माणसाच्या श्रद्धेचं गाणं इथं का नको? ब्रॅगा यांनी पुढे सांगितलं की शीर्षकांच्या चित्रांवर आधी यू-टू या बँडचं ‘ब्युटिफुल डे’ लावून पाहिलं होतं आणि ते फार छान बसलं होतं. म्हणजे ओळखीच्या वळणाचं, आजच्या जगातलं गाणं हवं ही कल्पना विचारपूर्वक होती. पहिल्या दोन वर्षांत मालिकेच्या नावात ‘स्टार ट्रेक’ हे शब्दही नव्हते. मी हा युक्तिवाद मानतो, अर्ध्या वाटेपर्यंत. आर्चरच्या वडिलांच्या आठवणीचा प्रसंग असता आणि त्यावर हे गाणं वाजलं असतं तर ते शोभलं असतं. पण शीर्षक दर आठवड्याला, प्रत्येक गोष्टीच्या आधी लागतं. कधी परग्रहवासी व्हल्कन उपअधिकारी टी’पॉलची गोष्ट असते, कधी डेनोब्युलन डॉक्टर फ्लॉक्सची, आणि त्यांच्याही आधी तोच आर्चर गात असतो.

मे २००३ मध्ये दुसरं वर्ष संपलं तेव्हा ही विसंगती उघडी पडली. त्या भागात झिंडी नावाच्या परग्रहवासीयांच्या शस्त्रानं पृथ्वीवर खोल चर पाडला आणि सत्तर लाख माणसं मारली. तिसरं वर्षभर एन्टरप्राइझ सूडाच्या आणि बचावाच्या मोहिमेवर निघालेली होती. आर्चर कैद्याला हवेविना कोंडून छळतो, मदत मागणाऱ्यांच्या यानाचा भाग चोरतो. अकरा सप्टेंबरची सावली त्या वर्षावर स्पष्ट आहे. आणि याच वर्षी निर्मात्यांनी नावात ‘स्टार ट्रेक’ परत घातलं आणि गाणं बदललं. बदललं म्हणजे काय? शब्द तेच, आवाज तोच. लय वाढवली, गिटार-ड्रम्स पुढे आणले, उत्साह वाढवला. गाणं मवाळ आहे अशी तक्रार होती, तर ते खडबडीत करून दिलं. सत्तर लाखांच्या मृत्यूनंतरची मालिका आता आधीपेक्षा आनंदी गाण्यानं सुरू होऊ लागली. गाण्याचे जुने विरोधक आणखी भडकले, आणि ज्यांना पहिलं गाणं आवडू लागलं होतं तेही नाराज झाले. तक्रार ऐकली गेली, पण चुकीची.

एप्रिल २००५ मध्ये, मालिका बंद होण्याचा निर्णय झाल्यावर, दोन भागांत मात्र निर्मात्यांनी दाखवून दिलं की हे सगळं त्यांना कळत होतं. ‘इन अ मिरर, डार्कली’ ही समांतर विश्वातली गोष्ट. तिथं मानवजात शोधक नाही, जुलमी साम्राज्य आहे. या भागांची शीर्षकं वेगळी केली. शोध आणि उड्डाणांच्या जागी युद्धनौका, रणगाडे, बाँबफेक. गाण्याच्या जागी डेनिस मॅकार्थी आणि केव्हिन काइनर यांचं रणवाद्यांचं संगीत. एकटा गायक गेला आणि सामूहिक सूर आला, तोही दुष्टांचा, पण चित्रं आणि संगीत पहिल्यांदाच एका गोष्टीबद्दल बोलत होती. आधीच्या चार वर्षांत कुणी गाण्याला एवढी दाद दिली नव्हती जेवढी या दोन शीर्षकांना चाहत्यांनी दिली.

गाण्याच्या बाजूनं एक पुरावा नेहमी दिला जातो, आणि तो देणाऱ्यांना वाटतो त्यापेक्षा बोलका आहे. नासानं शटलमधल्या अंतराळवीरांना सकाळी उठवण्यासाठी हे गाणं वाजवलेलं आहे. ज्यांना खरोखर अंतराळात जायचं असतं त्यांना ते चालतं, मग घरी बसणाऱ्यांना का नको? पण ही उठवणीची गाणी बहुतेक वेळा एखाद्या अंतराळवीरासाठी त्याच्या घरच्यांनी किंवा मित्रांनी निवडलेली असतात. वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेऊन अखेर उड्डाणाची पाळी आलेल्या एका माणसाला ‘तुझी वेळ आली’ असं सांगण्यासाठी यापेक्षा योग्य गाणं सापडणं कठीण. ते पद आहे आणि तिथं ते आपल्या प्रसंगात आहे. उलट २०११ मध्ये ‘डिस्कव्हरी’ शटलच्या अखेरच्या उड्डाणासाठी नासानं लोकांकडून मतं मागवली, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाची मतं पडली ती करेज यांच्या धुनेला. आणि ती वाजवताना सुरुवातीला कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर यांचा आवाज होता. सगळ्यांनी मिळून निवडायची वेळ आली तेव्हा लोकांच्या निवडीत नांदी होती.

१३ मे २००५ रोजी ९८ भागांनंतर ‘एन्टरप्राइझ’ संपली. ती वाचवण्यासाठी निधी गोळा करणाऱ्यांत आणि घोषणा देणाऱ्यांत गाण्याचे कडवे विरोधकही होते. भांडण प्रेमातलं होतं हे त्यावरून दिसतं. शेवटच्या भागावर बहुतेक चाहते आजही नाखूश आहेत, आणि ते योग्यच आहे. आर्चरची गोष्ट त्यात दुसऱ्याच मालिकेतल्या पात्रांच्या हाती दिली गेली. त्या भागाचं शेवटचं अर्धं मिनिट मात्र वेगळं आहे. तीन वेगवेगळ्या मालिकांमधली तीन यानं एकापाठोपाठ पडद्यावरून जातात आणि मूळ मालिकेच्या आरंभीचं ते जुनं निवेदन पिकार्ड, कर्क आणि आर्चर हे तीन कप्तान वाटून घेऊन म्हणतात. एकानं सोडलेलं वाक्य पुढचा उचलतो. चार वर्षं शीर्षकांतली चित्रं जे सांगत होती, ते आवाजानं पहिल्यांदा सांगितलं ते इथं.

त्यानंतर काळानं धार कमी केली. लहानपणी ही मालिका पाहिलेली पिढी आता मोठी झाली आहे, आणि तिच्यातल्या अनेकांना हे गाणं मनापासून आवडतं. त्यांच्या आवडीला नावं ठेवण्याचं कारण नाही, कारण त्यांच्यासाठी ते बालपणाचं पद झालेलं आहे. पण शीर्षकाच्या जागेबद्दलचा निवाडा निर्मात्यांनीच देऊन टाकला आहे. २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’पासून ‘स्टार ट्रेक’ पुन्हा छोट्या पडद्यावर आलं. त्यानंतरच्या ‘पिकार्ड’, ‘लोअर डेक्स’, ‘प्रॉडिजी’ आणि ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकांचा प्रेक्षक वेगळा होता, एक मालिका तर विनोदी व्यंगपट होती. या पाचांपैकी एकीच्याही शीर्षकात शब्दांचं गाणं नाही, आणि ‘डिस्कव्हरी’ची शीर्षकं संपतात ती करेज यांनी १९६६ साली रचलेल्या तुतारीच्या बोलांवर.